सासरी दिलेलं गाणं

२४ मार्च, सोम.

सकाळी मोह वेचून येताना टेकाडावर चढले. रेंज आली आणि फोन थरथरायला लागला. एकामागून एक तीन नोटिसा, माझ्या चॅनलवरच्या लग्नांच्या तिन्ही व्हिडिओंवर. गाण्यावर मालकीचा दावा आलाय. जाहिरातींचं जे काही येईल ते यापुढे दावेदाराला जाणार. दावेदार कोण, तर नाशिककडची एक कॅसेट कंपनी. नाव आयुष्यात ऐकलेलं नाही.

तिन्ही व्हिडिओंत गातंय कोण? आमची जानीमावशी. आईची थोरली बहीण, इकडची धवलेरी. ती मांडवात बसून गायल्याशिवाय आमच्यात लग्न लागत नाही. मांडव आमचा, आवाज तिचा, फोन माझा. कंपनी कुठून उपटली?

चुकून झालं असेल. पण चुकून तीनदा?

आईला काही बोलले नाही.

२५ मार्च, मंगळ.

किसनला सांगितलं. माझा भाऊ म्हणजे पहिले हसणार, मग विचार करणार. "बाय, कंपनीला आपली मावशी आवडली म्हन की."

त्याला काय जातं हसायला. जव्हारच्या दुकानातलं काम मी सोडलं ते या चॅनलच्या जिवावर. बोहाड्याची सोंगं टाकली, नागलीच्या भाकरी टाकल्या, दाभोशाचा धबधबा टाकला. बघतात लोक, नाही असं नाही. पण खरे बघतात ते लग्न. भिवंडीच्या वीटभट्टीवर बसलेली आपली माणसं मावशीचं गाणं लावून ठेवतात म्हणे. एकीनं लिहिलं होतं, ऐकून रडले.

किसनचंच लग्न ६ मेला आहे. दाभोशाची रंजना. ते लग्न नीट शूट करायचं ठरवलं होतं, दोन फोन लावून.

२८ मार्च, शुक्र.

दाव्यावर हरकत घेता येते. सगळं वाचलं, दोनदा. कारण निवडा म्हणतात. 'हे माझं स्वतःचं आहे' यावर बोट नेलं आणि थांबले. खोटं कसं लिहू? गाणं माझं नाही. मावशीचंही नाही, ती स्वतःच म्हणते, मी नुस्तं तोंड. तिच्या गुरूचंही नव्हतं.

म्हणून खालच्या रिकाम्या जागेत सरळ लिहिलं: हे गाणं कुणाचंच नाही. आमच्या सगळ्यांचं आहे. मांडवात जो बसेल त्याचं.

पाठवलं. बरं वाटलं. खरं लिहिलं की कुणाला भ्यायचं कारण नाही.

९ एप्रिल, बुध.

हरकत फेटाळली.

किसन या वेळी हसला नाही. "तूच लिवलंस नं, कुनाचंच नाय म्हनून? मंग ज्यानं आधी हात टाकला त्याचं झालं."

शाळेत प्रामाणिकपणाचं बक्षीस मिळालं होतं मला. गाढव मी.

आता अपील. अपिलात खरं नाव, पत्ता, फोन नंबर, सगळं द्यावं लागतं आणि ते कंपनीला दिसतं. कंपनी नाही म्हणाली तर व्हिडिओ उडतो आणि चॅनलवर एक ठपका पडतो. तीन ठपके पडले की चॅनल बंद, सगळ्या व्हिडिओंसकट.

एका व्हिडिओपुरतं अपील केलं. पत्ता तीनदा पुसून पुन्हा लिहिला. आजवर आपला पत्ता विचारत कुणी चांगल्या कामाला आलेलं नाही.

१० एप्रिल, गुरु.

मावशीकडे गेले. हौदाशी बसून भांडी घासत होती. म्हटलं, मावशी, तू कधी कुठल्या कंपनीत गायलीस का?

तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. मग म्हणाली, "ते नारळाचं लगीन व्हय?"

झालं असं. काही वर्षांमागं जव्हारला जीप आली होती. धवलेरींची गाणी 'जपून ठेवायची' म्हणून दोघा-तिघींना एका हॉलमध्ये नेलं. गा म्हणाले. मावशी म्हणाली, नवरा-नवरी कुठायत? मांडवाबाहेर हे गाणं तोंडातून काढायचं नाही, हा आमचा नेम. तिथल्या साहेबानं डोकं चालवलं. पाटावर एक नारळ ठेवला, एक सुपारी ठेवली. हा नवरा, ही नवरी. मावशीनं दोघांना हळद लावली आणि सबंध गाणं गायलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. जेवण दिलं, लुगडं दिलं, अंगठा घेतला.

मी हसले. मावशी नाही हसली. "कंपनीचा नारळ, कंपनीची सुपारी. लगीन तं लागलं नं? मी लुगडं घेतलं, म्हंजी पोरीचं देज घेतलं. गानं तठं दिलं मी, मंजे. पोर देत्यात तसं."

म्हटलं, मावशी, असं नसतं.

"मंग कसं अस्तं?"

मी तिच्याशेजारी भांडी विसळायला बसले.

१४ एप्रिल, सोम.

टेकाडावर असताना फोन आला. कंपनीचे साहेब. मला वाटलं होतं दरडावतील. तसं नाही, फार गोड बोलले. ताई जेवलात का, तिकडे ऊन कसं आहे. मग म्हणाले, "जानीबाई आमच्याच कलाकार आहेत. त्यांना नमस्कार सांगा. तुम्ही भांडत बसू नका, तुमचंच नुकसान होईल. आणि हो, त्या आणखी कुठे गात असतील तर आम्हाला कळवत जा."

शेवटचं वाक्य दोनदा म्हणाले.

फोन ठेवल्यावर घाम पुसला. शिव्या देणारा परवडतो, त्याला उलट देता येते.

आणि मी काय केलं? जशीच्या तशी सगळी हकिगत घरी बोलून टाकली. मावशी तिथंच होती. मला कधी अक्कल येणार!

१५ एप्रिल, मंगळ.

मावशी किसनच्या लग्नात गाणार नाही म्हणते.

१७ एप्रिल, गुरु.

अपील फेटाळलं. व्हिडिओ गेला. पहिला ठपका. लाल अक्षरात.

उरलेले दोन मीच झाकून ठेवले, कुणाला दिसू नयेत असे. झाकताना चोरी केल्यासारखं वाटलं. माझ्याच मामेबहिणीचं लग्न होतं त्यात.

पण आता व्हिडिओचं एवढं काही वाटत नाही. मावशी गायली नाही तर किसनचं लग्न लागणार कसं? दुसरी धवलेरी आहे, तिचा त्याच दिवशी खोडाळ्याकडे मांडव. तारीख पुढे ढकलायची तर रंजनाकडची माणसं भट्टीवरून सुट्ट्या काढून येणार. आणि पुढे ढकलून मावशी गाईल याची काय खात्री?

आई मावशीशी बोलून आली. डोळे लाल. "ती म्हनतं, दुसऱ्याच्या घरी दिलेली पोर मी माझ्या भाच्याच्या मांडवात नाचवू का?"

२० एप्रिल, रवि.

टँकरला गेले. हंडे लावून बाया बसलेल्या. माझी चाहूल लागताच गप्प. मग एकीनं विचारलंच, "मंजे, हळद दळताना म्हनतो ती गानी बी गेली का गं?"

दुसरी म्हणाली, "माझ्या पोरीचं गेल्या साली लागलं. जानीच गायली व्हती. ते लगीन आपलं का कंपनीचं?"

हसावं की रडावं. म्हटलं, अगं असं काही नसतं, दावा फक्त व्हिडिओवर असतो. मांडवात गायला कुणाची परवानगी लागत नाही. मला जेवढं कळतं तेवढं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं. एकीलाही पटलं नाही.

परत येताना आई हळूच म्हणाली, "जंगलाचं बी असंच झालं व्हतं. आधी पाटी लागली. पाटीला कोन भितंय म्हनलं. मंग गार्ड आला."

रस्त्यावर अनोळखी गाडी दिसली की लोक आता माझ्याकडे बघतात.

२२ एप्रिल, मंगळ.

जव्हार. डेपोतून थेट वकिलाकडे. त्यानं विचारलं, गाणं लिहिलं कुणी? म्हटलं, कुणी नाही लिहिलं. चाल कुणाची? म्हटलं, पहिल्यापासूनची. तो पेन टेबलावर आपटत राहिला. मग म्हणाला, गाणं जुनं असेल, पण त्यांनी रेकॉर्ड केलंय ते त्यांचं. तुमच्या मांडवातल्या गाण्यावर त्यांचा हक्क नाही, पण मशीनला ते कोण सांगणार? भांडायचं तर भांडता येईल. लांबेल.

म्हटलं, एवढं तरी लिहून द्या, मावशी तिच्या मांडवात गाऊ शकते म्हणून.

हसला. "गाण्याला कशाला वकिलाचं पत्र लागतं हो?"

नाही ना लागत. मलाही ते माहीत होतं महिन्यापूर्वी. एस.टी.त बसून रडले. शेजारची म्हातारी विचारत होती, कुणी गेलं का?

२६ एप्रिल, शनि.

विहीणबाई येऊन गेल्या, रंजनाची आई. कुठून कळलं कोण जाणे. चहा घेतला नाही. "आमची पोर बिनगान्याची न्यायची असंल तं आताच सांगा."

किसन दोन दिवस नीट जेवलेला नाही. काल म्हणाला, "बाय, तू तो व्हिडिओ टाकला नसतास तं?" आणि लगेच, "नाय, तसं नाय म्हनत मी." म्हणाला तरी चाललं असतं. माझ्या मनात दिवसभर तेच असतं.

२९ एप्रिल, मंगळ.

आज आईनं मावशीला गाठलंच. मी दाराशी उभी. दोघी बहिणी भांडल्या, मग रडल्या, मग पुन्हा भांडल्या.

आई म्हणाली, "बरं, दिलीस पोर. दिलेली पोर भावाच्या लग्नाला माहेरी येतं का नाय?"

मावशीनं पदरानं डोळे पुसले. "येतं. सासऱ्याला विचारून येतं."

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. साहेबांचा नंबर माझ्याकडे आहे. एक फोन करायचा: आमच्या किसनच्या लग्नात मावशीला गाऊ देता का? ते गोड आवाजात हो म्हणतील. नक्की म्हणतील. आणि मग पुढच्या प्रत्येक लग्नाला विचारावं लागेल. गावातल्या प्रत्येक घराला, प्रत्येक वेळी.

नाही म्हटलं मी. मरेन, पण हा फोन करणार नाही.

मावशी उठली, पदर खोचला. "नको करूस. न विचारता बी पोरी येत्यात. मागल्या दारानं."

म्हणजे गाणार? "गाईन. फोन एक बी नको मांडवात."

आईनं देवाला हात जोडले. मला मात्र 'मागल्या दारानं' याचा अर्थ नीट कळला नाही.

५ मे, सोम.

मांडव पडला. उंबराची डहाळी बांधली. बायांनी भिंतीवर तांदळाच्या पिठाचा चौक लिहिला, सुंदर झालाय. फोटो काढायला हात शिवशिवत होता. नाही काढला.

६ मे, मंगळ. लग्न.

मांडवाच्या तोंडाशी मी टोपली घेऊन उभी. प्रत्येकाचा फोन काढून घेतला. कुणी कुरकुरलं, कुणी थट्टा केली. "मंजू गार्ड झाली." टोपली घरात नेऊन वर घोंगडी टाकली.

मावशी आली. रंजना आणि किसनच्या मधोमध बसली. एरवी ती गाते तेव्हा आवाज ओढ्यापलीकडे जातो, मागून बाया धरतात आणि सगळा मांडव गातो. आज तिनं दोघांची डोकी जवळ ओढली, पदर तिघांवर घेतला आणि पदराआड गायली. कुजबुजत. ओठ हलताना दिसत होते, बस. वाजंत्री थांबले. बाया वाकवाकून बघायला लागल्या, कुठं धरावं कुणाला कळेना. एक पोर रडलं तेवढंच ऐकू आलं. रस्त्यावर टँकर भोंगा वाजवून गेला तेव्हा मावशी दचकलेली मी पाहिली.

किती वेळ गेला सांगता येत नाही. शेवटी तिनं पदर काढला. "झालं."

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मग विहीणबाईंचा आवाज, "लागलं का?"

मावशी म्हणाली, "लागलं."

अक्षता टाकल्या. जेवणं झाली. लोक जेवले, पण लग्नात बोलतात तसे बोलत नव्हते.

१३ मे, मंगळ.

रंजना माहेरी गेली होती, आज किसन आणायला गेला. एकटाच परत आला.

विहीणबाई म्हणतात, गाणं पुरतं झालं नाही. देवांची नावं ऐकली नाहीत, नदीचं कडवं ऐकलं नाही. अर्ध्या लग्नाची पोर आम्ही नांदवायला कशी धाडावी? पुन्हा लावा, मोठ्यानं लावा.

मावशीला विचारलं. "मी सबंद गायले. लागलेलं लगीन दुसऱ्यांदा लावत नसत्यात. कुनी मेलंय का मधी?" आणि आत निघून गेली.

तिचं बरोबर आहे. विहीणबाईंचंही चूक कसं म्हणू?

किसनला म्हटलं, तू तर पदराखाली होतास, तू सांग. म्हणाला, "ऐकू येत व्हतं गं. पन शेवट झाला का नाय ते नाय कळलं. मी मावशीचे हात बघत व्हतो. माझं मनगट घट्ट धरलं व्हतं तिनं." रंजना त्याला तिथं म्हणाली, डोळे मिटले होते, काही आठवत नाही.

दोघं तिथं होती आणि दोघांनाही ठाऊक नाही. मी तर टोपली राखत होते.

१६ मे, शुक्र.

किसन अंगणात बसून असतो. पुढ्यातल्या भाकरीला हात लावत नाही. आज पहिल्यांदा म्हणाला, "ती नाय आली तं मी भट्टीवर जातो." पावसाच्या तोंडावर भट्टी कुठली. त्यालाही माहीत आहे.

१८ मे, रवि.

टेकाडावर गेले तर रंजनाच्या मामाचा निरोप येऊन पडलेला. सोबत एक चित्र. 'मंजूताई, हे काय आलंय बघा. तुम्हाला यातलं कळतं.'

पाहिलं आणि खाली बसले.

मामानं एक फोन टोपलीत टाकला होता, दुसरा खिशात ठेवला होता. खिशातूनच लग्न शूट केलं. परवा स्वतःचं नवं चॅनल उघडून व्हिडिओ टाकला. आणि त्यावर नोटीस आलीय. तीच कंपनी.

व्हिडिओ लावला. कान लावून ऐकला, दोनदा, तीनदा. खोकणं, पोराचं रडणं, टँकर, कुणाच्या तरी बांगड्या. मावशीचा आवाज मला कुठेही ऐकू येत नाही. किसनला आणून ऐकवलं, त्यालाही नाही.

आणि नोटिशीत लिहिलंय: गाणं सापडलं. सुरुवातीपासून अखेरपर्यंत.

सबंध गायली मावशी. एक ओळ सोडली नाही तिनं.

आनंदानं ओरडणार होते. मग फोन पालथा ठेवला.

१९ मे, सोम.

काल संध्याकाळीच मावशीला सांगितलं. म्हटलं, मावशी, तुझं गाणं पुरतं झालं, पुरावा आहे. तिला वाटेल बरं, असं मला वाटलं होतं.

तिनं विचारलं, "आपल्याला कुनाला नाय ऐकू आलं, त्याला आलं?"

"हो."

"म्हंजी तो मांडवात व्हता." मग चुलीतला विस्तव राखेनं झाकला. "माला वाटलंच व्हतं, कोनतरी बसलंय."

तेव्हापासून ती बोललेली नाही. आज सकाळी म्हशीला हाकतानासुद्धा नुसती काठी आपटत होती.

२१ मे, बुध.

मामाचा पुन्हा फोन. विहीणबाईंना त्यानं सांगितलंय की कंपनीच्या कागदात गाणं पुरतं आहे असं आलंय. त्या म्हणाल्या, कंपनीनं तसं म्हटलं असेल तर पोर उद्याच धाडते. कंपनी कशाला खोटं बोलेल? फक्त ते पक्कं करून दाखवा.

पक्कं करायचं म्हणजे 'दावा मान्य' दाबायचं. मान्य केलं की किसनचं लग्न लागलं. आणि मान्य केलं की गाणं कंपनीचं. आमच्या मांडवातलं, पदराआडचं, कुजबुजलेलंसुद्धा. साहेब म्हणाले होते कळवत जा. आम्ही आपल्या हातानं कळवलेलं होईल. मग त्यांचा फोन येईल. जेवलात का विचारतील.

हरकत घ्यायची तर लिहायचं काय? या वेळी काय लिहायचं ते मला चांगलं कळतं. 'यात ते गाणं नाही.' तेवढं लिहिलं तर सुटेल कदाचित. आणि तेच विहीणबाई वाचतील.

आई म्हणते, तुझं तू बघ, तुला शिकवलंय कशाला. किसन टेकाडाखाली उभा आहे, आंघोळ करून, नवा सदरा घालून. दाभोशाची जीप तासाभरात निघेल.

मामा फोनवर थांबलाय. "ताई, बोला की. काय दाबू?"